जुरागन गवत खात नाही

आपल्या हातचं अन्न कुणी ताटात टाकलेलं योयोहला खपत नसे. डोंगरातल्या लेम्बांग गावी चढावर जी शाळा आहे, तिथलं कॅन्टीन चालवण्यात तिची उमर गेली. एखाद्या पोराने भज्याचा तुकडा बशीत तसाच ठेवला, की ती त्याला माघारी बोलवायची आणि विचारायची, "मीठ जास्त झालंय की पोटात दुखतंय? दोन्हीतलं एक सांग आणि मग जा वर्गात." पोरं घाबरून तुकडा गिळून टाकत. हेडमास्तरसुद्धा तिच्यासमोर ताट पुसून खायचे.

आमच्याकडची माणसं बोलायला मवाळ. नको असलं तरी "बघू" म्हणतात, राग आला तरी हसतात. योयोहला हे कधी जमलंच नाही. नवऱ्याने सुकाबुमीला दुसरा संसार थाटलाय हे कळलं, त्या दिवशी तिने त्याचे कपडे तांदळाच्या पोत्यात कोंबले, पोतं दाराबाहेर ठेवलं, आणि दुपारच्या जेवणाची मिरची वाटायला बसली. तेव्हापासून ती एकटीच होती. गल्लीत लहानमोठे सगळे तिला चेऊ म्हणत. चेऊ म्हणजे ताई. पण ताईच्या दारावरून जाताना आवाज जरा खाली आणत.

शाळेतून निवृत्त झाल्यावर ती शनिवार-रविवार वरच्या अंगाच्या एका बंगल्यावर स्वयंपाकाला जाऊ लागली. शहरातली कुटुंबं तिथे थंड हवा खायला यायची. असंच एक कुटुंब रविवारी संध्याकाळी निघून गेलं, आणि खोली झाडताना योयोहला पलंगाखाली बुटांचा खोका सापडला. खोक्याला भोकं पाडलेली. आत मुठीएवढा करडा ससा, लघवीने भिजलेल्या कागदावर बसलेला. पर्यटकांच्या रस्त्यावर टोपल्या मांडून विकतात ना, त्यातला.

तिने नंबर शोधून फोन लावला. मोठ्या बाईला मानाने इबू म्हणतात; पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "अहो इबू, राहू द्या तुम्हालाच. घरी वास मारतो म्हणतात. विकणारा म्हणाला एवढाच राहतो, मोठा होत नाही. तुम्हाला काही त्रास नाही व्हायचा."

"मला त्रास नाही व्हायचा, पण तुम्ही पोर विसरला असतात तर याच आवाजात बोलला असता का?" योयोहने विचारलं. पलीकडून फोन ठेवला गेला.

ससा घरी आला. तो "एवढाच" राहणार होता म्हणे, पण वर्षभरात मांजराएवढा झाला. म्हणजे विकणाऱ्याने आईच्या दुधावरचं पिल्लू बुटका ससा म्हणून खपवलं होतं. योयोहने त्याचं नाव जुरागन ठेवलं. आमच्याकडे मालकाला जुरागन म्हणतात, आणि तो वागायचाही तसाच. सकाळी वाडगा रिकामा दिसला की पुढच्या पायांनी तो उलटा करून फरशीवर आपटायचा. खाणं तर असं, की योयोहला कॅन्टीनच्या दिवसांपासून असं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. गवत, गाजराचा पाला, दुकानातले दाणे, बंगल्यावरून आणलेला पाव, बिस्किटं, केळ्याचे काप, जे पुढे येईल ते.

"बघ," ती शेजारच्या एंतिनला सांगायची, "याला म्हणतात खाणं. तुझा जावई भातात बोटं फिरवत बसतो, त्याला आणून दाखव एकदा."

पावाचं कौतुक तिचं तिलाच. मूठभर बिस्किटं दिली की तीही खूश, ससाही खूश. गवत कापायला रोज ओढ्याकडे उतरावं लागे, गुडघे दुखत. पाव पिशवीतच असे. हळूहळू गवत कमी झालं आणि पाव वाढला. त्यात काही चुकतंय असं तिला कुणी सांगितलं नाही आणि तिच्या मनातही आलं नाही.

मग एके दिवशी जुरागनने गवताचे जाड देठ तसेच ठेवले. कोवळी पाती खाल्ली, देठ बाजूला.

"आलास का श्रीमंतीवर," योयोह म्हणाली. तिला गंमतच वाटली. पुढे पुढे पातीही राहू लागली. फक्त पाव, केळं आणि भिजवलेलं बिस्किट. ती एंतिनला म्हणाली, "लाडावला मेला. मऊ मऊ पाहिजे म्हणे."

एंतिन म्हणाली, "एकटा आहे बिचारा. बायको आण त्याला."

"मी एकटी नाही? मी जेवायची थांबले का?"

मग दाण्यांचं सुरू झालं. वाडगा वाजला की जुरागन धावत यायचा, दाणा तोंडात घ्यायचा, डोकं एका बाजूला वाकडं करून चावायचा, आणि दाणा खाली पडायचा. अर्धा, ओला. पुन्हा उचलायचा, पुन्हा पडायचा. थोड्या वेळाने वाडग्याकडे नुसता बघत बसायचा. हनुवटीखालची लव ओली, चिकट.

आता योयोहला राग आला. तोही सशाचा. भूक नसती तर गोष्ट वेगळी, पण हा यायचा, वास घ्यायचा, तोंड घालायचा आणि ताट परत पाठवायचा. ती त्याच्यासमोर उकिडवी बसून म्हणाली, "काय कमी आहे सांग. हेडमास्तरांनी कधी ताट परत पाठवलं नाही, आणि तू कोण लागून गेलास?" तिने दाण्यांची पिशवी बदलली. गाजर किसून दिलं. ते त्याने खाल्लं, तेव्हा ती म्हणाली, म्हणजे नाटकंच आहेत.

तरी बाजारात गेली तेव्हा पाळीव प्राण्यांच्या दुकानात तिने विषय काढलाच. दुकानदार एंगकुस तरणा, केसाला तेल लावलेला, गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणायचा नाही. तो म्हणाला, "होतं असं इबू. हवा बदलली की सशांची भूक मंदावते. हे थेंब द्या पाण्यातून, भूक वाढवणारे. सगळे नेतात."

"त्याला बघायला नको?"

"बघायचं काय त्यात? ससाच तर आहे."

तिने थेंब आणले. थेंबांचं पाणी जुरागनने चाटलंसुद्धा नाही.

एका सकाळी ती वाडगा वाजवत गेली, तर तो आलाच नाही. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ वर काढून, पाय पोटाखाली घेऊन, बॉलसारखा गोल बसलेला. डोळे अर्धे मिटलेले. तिने केळ्याचा काप नाकाशी धरला. त्याने तोंड फिरवलं. जवळ वाकल्यावर बारीक आवाज आला, दात करकरण्याचा. आणि रोज सकाळी झाडून काढाव्या लागणाऱ्या लेंड्या, त्या ट्रेमध्ये नव्हत्याच. कोपऱ्यात चार-दोन होत्या त्याही मिरीच्या दाण्याएवढ्या.

ती तिथेच उभी राहिली. 

कुंपणापलीकडे दायत राहत असे. वयाने तिच्याहून लहान, खाली हमरस्त्यावर त्याची सशाच्या सातेची गाडी. होय, सशाचं मांस भाजून काड्यांवर लावून विकायचा, आणि लांबून माणसं खायला यायची. योयोहने जुरागनला आणलं त्या दिवसापासून दायत या विषयावर थट्टा करायचा नाही. शहाणा होता. त्या सकाळी तो कोळसा निवडत बसला होता. तिला तशी उभी बघून तो कुंपणाशी आला, आत डोकावला आणि हळूच म्हणाला, "बसला का शेवटी?"

"शेवटी म्हणजे?"

दायत हाताचा कोळसा पुसू लागला.

"शेवटी म्हणजे काय दायत?"

"चेऊ, रागावू नका. त्याच्या लेंड्या बारीक झाल्या होत्या ना, तुम्ही कुंपणाशी झाडून टाकता तिथे दिसायच्या. आम्ही माल घेताना आधी तेच बघतो. लेंडी बारीक, हनुवटी ओली, असला ससा आम्ही घेत नाही. आतून बिघडलेला असतो."

"कधीपासून दिसतंय तुला?"

"झाला आठवडा. जास्तच असेल."

योयोहने हातातला वाडगा खाली ठेवला. "आठवडा. आणि तू रोज माझ्या दारावरून 'चेऊ जेवलात का' विचारत जात होतास. मी जेवले का ते विचारायला तोंड होतं. तो जेवला नाही हे सांगायला नव्हतं?"

"मी ससे कापणारा माणूस," दायत म्हणाला. "मी येऊन सांगितलं असतं की तुमचा ससा आजारी दिसतो, तर तुम्ही म्हणाला असता, याची नजर बघा कुठे आहे. चप्पल मारली असतीत."

"मारली असती," योयोह म्हणाली. "मग चप्पल खायची होतीस. त्याने तू मेला नसतास."

 दायत आत गेला आणि मोटारसायकल बाहेर काढून उभा राहिला. मागे माल आणायची प्लास्टिकची पेटी बांधलेली होती. ती बघून योयोह नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने निमूट पेटी सोडून ठेवली. तिने लहान मुलाला बांधतात तसं कापड खांद्यावरून घेतलं, जुरागनला छातीशी बांधलं आणि मागे बसली.

खाली बांडुंग शहरात पहिला दवाखाना सापडला तो मोठा, काचेच्या दाराचा. काउंटरवरच्या मुलीने कापडात डोकावून बघितलं. "आम्ही कुत्री-मांजरंच बघतो इबू."

"मग ससा कोण बघतं?"

"माहीत नाही. पण तुम्ही लेम्बांगच्या ना? तिथे तर स्वस्त मिळतात. दुसरा घ्या. तसाच करडा मिळेल." ती हसून बोलली. वाईट हेतू नव्हता तिचा, आणि तेच योयोहला जास्त झोंबलं.

"तुझ्या आईला ताप आला तर शेजारची आई स्वस्तात मिळते का बघ," ती म्हणाली आणि काचेचं दार उघडून बाहेर पडली. दायत म्हणाला, "चेऊ, असं बोलू नये." ती म्हणाली, "तू तर बोलूच नकोस."

चौकशी करत करत ते एका गल्लीतल्या छोट्या दवाखान्यात पोचले. तिथली डॉक्टरीण रोतुआ, सुमात्राकडची. तिकडची माणसं आमच्यासारखी शब्द लोण्यात बुडवून देत नाहीत. तिने जुरागनला टेबलावर घेतलं, पोट दाबून बघितलं, स्टेथोस्कोप लावून ऐकलं, आणि मान वर न करता विचारायला सुरुवात केली. काय खातो? आधी काय सोडलं? मग काय? तोंडात घेऊन टाकतो का? लेंड्या कशा?

योयोह सांगत गेली. आधी देठ, मग पाती, मग दाणे, मग पावाची कडसुद्धा. कोणत्या बाजूने चावायचा, हनुवटी कधीपासून ओली, सगळं तिच्या डोक्यात ओळीने होतं.

डॉक्टरणीने मान वर केली. "इतकं सगळं दिसत होतं तुम्हाला?"

"दिसत होतं म्हणजे, मी रोज बघतेच."

"मग आज का आलात?"

 योयोहच्या तोंडावर आजवर असं कुणी बोललं नव्हतं, आणि बोललं असतं तर तिने त्याला सोडलं नसतं. तिचा चेहरा लाल झाला. "मला वाटलं नखरे करतो," ती म्हणाली. "दुकानदार म्हणाला हवा. शेजारीण म्हणाली बायको पाहिजे. या माणसाला कळत होतं, तो बोलला नाही. आणि तुम्ही आता मला विचारता?"

"तुम्हाला विचारते, कारण त्याला बोलता येत नाही," डॉक्टरीण म्हणाली. पण तिचा आवाज जरा उतरला. तिने नळीचा छोटा दिवा जुरागनच्या तोंडात धरला आणि योयोहला वाकून बघायला लावलं. दाढांची टोकं वाढून सुईसारखी झाली होती आणि जिभेच्या कडेला जखम होती.

"सशाचे दात जन्मभर वाढतात," ती म्हणाली. "गवत चावून चावून ते झिजायला पाहिजेत. तुम्ही पाव दिलात, दात झिजले नाहीत. मग गवत चावताना दुखायला लागलं, म्हणून आणखी मऊ मागायला लागला. त्याला भूक होती. खाता येत नव्हतं. आणि ससा खायचा थांबला की त्याची आतडी थांबतात. आपल्यासारखा उपास त्याला झेपत नाही. सकाळी खाल्लं नाही तर त्याच दिवशी आणायचं, उद्या बघू म्हणायचं नाही."

"हे सांगतं कोण?" योयोहने विचारलं. "रस्त्यावर टोपल्या भरून विकतात. सोबत पिंजरा विकतात, रंगीत वाडगा विकतात, थेंब विकतात. हे एक वाक्य का नाही सांगत?"

"कारण ते फुकट द्यावं लागतं," डॉक्टरीण म्हणाली.

पोटात अडकलेलं काही नाही याची तिने एक्स-रे काढून खात्री केली. मग कातडीखाली सलाईन दिलं, दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं आणि त्याला उबेला ठेवला. गवताच्या भुकटीची पेज करून बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने थोडी थोडी कशी घालायची, ते योयोहला शिकवलं. दाढा लगेच घासता येणार नव्हत्या. आधी अंगात ताकद यायला हवी, नाहीतर भुलेतून उठणार नाही म्हणाली. आणि उठेलच असंही ती म्हणाली नाही.

योयोहने घरी जायला नकार दिला. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून तिने पेज भरवली. जुरागन पहिल्यांदा सगळी हनुवटीवर सांडायचा. ती पुसायची आणि पुन्हा घालायची. ती त्याला रागावली नाही. मध्येच एकदा म्हणाली, "मी म्हटलं नखरे. किती दिवस दुखत असेल रे तुला," आणि पुढची सिरिंज भरली. दायत बाहेर पायरीवर बसून होता. त्या दिवशी त्याची गाडी लागली नाही. संध्याकाळी त्याने दोन पुड्या भात आणला आणि एक तिच्यापुढे ठेवला. तिने पुडी घेतली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये लेंड्या पडल्या. वेड्यावाकड्या, एकमेकींना चिकटलेल्या. योयोहने डॉक्टरणीला हाका मारून मारून बोलावलं. डॉक्टरीण आली, बघितलं, आणि पहिल्यांदाच हसली. पुढे दाढा घासल्या. भुलेतून जुरागन उठला तो लटपटतच, आणि कापडावर डोकं टेकून पडून राहिला. घरी आणल्यावरही पेज चालूच होती. मग एका दुपारी योयोह तांदूळ निवडत असताना मागे कुरकुर ऐकू आली. तो वाळक्या गवताचा देठ तोंडात घेऊन चावत होता. हळूहळू, थांबत थांबत. देठ आत आत जात गेला आणि संपला. तिने मान पूर्ण वळवली नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातूनच बघितलं; आपण बघतोय म्हणून तो थांबेल असं तिला वाटलं.

जुरागन वाचला, पण पूर्वीसारखा झाला नाही. दाढा पुन्हा वाढतात, दर थोड्या महिन्यांनी घासायला न्यावंच लागतं. पाव बंद झाला. योयोह रोज ओढ्याकडे उतरून गवत आणू लागली. येताना गुडघ्यांना आणि त्या बंगल्यातल्या बाईला शिव्या द्यायची.

राग तिचा गेला नाही. जुरागन हिंडूफिरू लागल्यावर ती थेंबांची बाटली घेऊन एंगकुसच्या दुकानात गेली. दुकानात गर्दी होती.

"पैसे परत देतो इबू," तो लगेच म्हणाला.

"पैसे नकोत. मला एवढंच सांग, ससा खात नाही म्हणून कुणी आलं तर तू आता काय सांगणार?"

"थेंब तर सगळेच नेतात..."

"सगळे नेतात. परत किती येतात सांगायला, की ससा उठला म्हणून?"

एंगकुस हसला. आमच्याकडे उत्तर नसलं की हसतात. योयोह दुकानातल्या स्टुलावर बसली. "मी बसते इथे," ती म्हणाली. "तुझं तू चालू दे." आणि खरोखर बसली. येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारू लागली: ससा आहे का घरी? काय खातो? देठ टाकतो का? लेंड्या केवढ्या? माणसं चमकायची, मग उत्तर द्यायची, मग थेंबांची बाटली परत फळीवर ठेवायची. दुसऱ्या दिवशीही ती गेली. गल्लीचे मुखिया तिला भेटायला आले, फार गोड बोलले, धंद्यावर कुणाच्या बसू नये वगैरे. तिने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "तो खोटं बोलायचा थांबला की मी उठते. तुम्ही त्याच्याकडेच जाऊन या ना."

शेवटी एंगकुसनेच कंटाळून तोड काढली. रस्त्यावरच्या टोपल्या काही कमी झाल्या नाहीत, आणि थेंबही त्याने फळीवरून काढले नाहीत, ते तो आजही विकतो. पण ससा खात नाही म्हणून कुणी आलं की तो म्हणतो, "आधी वरच्या गल्लीत जा, चेऊ योयोहना विचारा," आणि आपली सुटका करून घेतो. दायतने मात्र एक नवीन सवय लावून घेतली आहे. योयोह झाडत असली की कुंपणावरून ओरडतो, "चेऊ, आज लेंड्या चांगल्या आहेत." तिने त्याला अजून माफ केलेलं नाही, पण "बरं" म्हणते.

परवा एक नवी नवरी आली, कडेवर पांढरा ससा घेऊन. दारातूनच म्हणाली, "इबू, काल सकाळपासून हा काही खात नाही. नवरा म्हणाला, रविवारी सुट्टी असते तेव्हा बघू."

योयोहचे हात पिठाचे होते. "काल सकाळपासून?" ती म्हणाली. "आणि रविवारी नवरा याला काय दाखवणार आहे, खड्डा?"

पोरीचे डोळे भरले. योयोहने हात पुसले, कुंपणाकडे तोंड करून दायतला मोटारसायकल काढायला सांगितली, आणि पोरीला म्हणाली, "रडत बसू नकोस. वाटेत सगळं आठवून ठेव. आधी काय सोडलं, मग काय सोडलं. डॉक्टरीण फटकळ आहे. रागावेल. रागावू दे."